गाडी थांबेल तिथं

गटाची बैठक आटपून, भाकरीचं पीठ मळता मळता, नाहीतर वाडीत पाणी लावता लावता जिथं असाल तिथून ऐका. आज आपण एका रस्त्याबद्दल बोलणार आहोत. हा रस्ता रायगड जिल्ह्यात रेवसला सुरू होतो आणि खाली सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेजवळ रेडीला संपतो. कागदोपत्री त्याचं नाव सागरी महामार्ग. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरावरून, वाडीवरून, शाळेवरून तो जातो. आणि ज्या जणी घाटावर राहतात त्यांनी तो निदान फोनवरच्या व्हिडिओत पाहिला असेल: एका बाजूला डोंगर, एका बाजूला निळं पाणी, आणि पाण्यात मधेच एक किल्ला.

लोक हा रस्ता बघायला येतात. आता तर जास्तच येणार आहेत. त्यांनी बघितलं, फोटो काढले आणि गेले, तर आपल्या हाती काय राहतं? धूळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या. आणि ते आपल्या गावात थांबले तर? माझं आजचं सगळं बोलणं या थांबण्याबद्दल आहे.

आधी रस्ता नीट डोळ्यापुढे आणू या. मुंबईहून गोव्याला जाणारा मोठा महामार्ग आतल्या बाजूनं जातो. महाड, खेड, चिपळूण अशी त्याची गावं. तिथून समुद्र दिसत नाही. सागरी महामार्ग मात्र किनाऱ्याकिनाऱ्यानं जातो. बॅरिस्टर अ. र. अंतुले हे रायगडचेच. 1980 ते 1982 या काळात ते मुख्यमंत्री होते. किनाऱ्यावरची सगळी गावं एका रस्त्याला जोडायची कल्पना त्यांची म्हणून ओळखली जाते. लांबी साधारण पाचशे किलोमीटर. तेव्हापासून तुकड्यातुकड्यानं हा रस्ता होतोच आहे.

रेवसहून निघालात की मांडवा, मग थळ. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये किल्ला बांधायला घेतला, मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर. आजही आपले कोळी बांधव तिथल्या वेताळाला मानतात. पुढं अलिबाग. तिथला कुलाबा किल्ला पाण्यात आहे, पण ओहोटी लागली की चालत जाता येतं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याची विहीर.

इथं जरा थांबते आणि एक कामाची गोष्ट सांगते. चालत किल्ल्यावर जायचं तर भरती कधी, ओहोटी कधी, हे कळायला हवं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा मुंबई-अलिबागकडचा अंदाज आहे, खाली दक्षिणेला थोडा फरक पडतो. आणि अंदाज तो अंदाजच. पाण्यात पाऊल टाकण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं आणि पाणी फिरायच्या आत परत यायचं. समुद्राशी पैज लावायची नाही.

अलिबागनंतर चौल, रेवदंडा. पूल ओलांडला की साळाव, कोर्लई, मग काशीद, नांदगाव, मुरूड. मुरूडच्या वाळूवरून समोर पद्मदुर्ग दिसतो, महाराजांनी बांधलेला. आणि थोडं पुढं राजपुरीला गेलं की जंजिरा, सिद्दीचा. जंजिरा हा शब्दच मुळी अरबी आहे, त्याचा अर्थ बेट. हा किल्ला कुणाला जिंकता आला नाही, अगदी मराठ्यांनाही नाही. 1948 साली ते संस्थान भारतात विलीन झालं. राजपुरीहून शिडाच्या होड्या माणसांना तिकडं नेतात. पावसाळ्यात त्या बंद असतात.

आता बघा, मुरूडच्या पुढं आगरदांड्याला रस्ता संपतो. समोर खाडी. पलीकडं दिघी दिसतं, पण मधे पाणी. तिथं फेरीबोट आहे. आपल्याकडं तिला जंगलजेटी म्हणतात. माणसं, मोटारसायकली, गाड्या, सगळं तिच्यावर चढतं आणि पलीकडं उतरतं. बोट नसेल तर खाडीला वळसा घालून पार म्हसळ्यावरून यायचं.

अशा जागा या रस्त्यावर आणखीही आहेत. दिघीहून दिवेआगर, तिथून आरावी, शेखाडी असा समुद्राच्या कडेकडेनं श्रीवर्धन. हा टप्पा फारच देखणा आहे. मग हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याला परत खाडी, बाणकोटची. पलीकडं वेश्वी. तिथून वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मग दाभोळला वाशिष्ठीची खाडी, पलीकडं धोपावे. मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, आणि तवसाळला शास्त्रीची खाडी, पलीकडं जयगड. म्हणजे रायगडातून रत्नागिरीपर्यंत येताना हा रस्ता चार ठिकाणी तुटतो आणि चारही ठिकाणी गाडीला बोटीची वाट बघत थांबावं लागतं.

आणि गाडी थांबली की काय होतं? काच खाली होते. माणूस पाय मोकळे करायला उतरतो. लहान मूल रडायला लागलेलं असतं, म्हाताऱ्या माणसाला पाणी हवं असतं, कुणाला चहा. मग तो बघतो की जेटीच्या तोंडाशी एक टपरी आहे. एक बाई पाटी घेऊन बसलीय. पाटीत कोकम आहे, आंबापोळी आहे, उकडलेल्या शेंगा आहेत, सुकट आहे, सोडे आहेत. तो आधी नुसतं विचारतो आणि मग घेतो. वीस मिनिटं, अर्धा तास. तेवढ्यात त्या बाईची त्या दिवसाची मीठ-मिरची निघते.

त्या बाईनं जाहिरात केलेली नाही आणि तिच्याकडं दुकानाचा गाळा नाही. तिचं सगळं दुकान एका गोष्टीवर चालतं, ती म्हणजे गाडीला थांबावं लागतं.

आता हे बदलणार आहे. या खाड्यांवर पूल बांधायचं शासनानं हाती घेतलं आहे. रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, काळबादेवी, कुणकेश्वर अशी ती यादी आहे. ही कामं हळूहळू उभी राहतील. दोन-चार वर्षं इकडंतिकडं, पण पूल होणार.

पूल व्हावेत का? माझं म्हणणं विचाराल तर व्हावेत. रात्री फेरीबोट बंद असते. बाळंतपणाच्या कळा मात्र घड्याळ बघून येत नाहीत. खाडीच्या या काठावर अडलेली बाई आणि त्या काठापासून जवळ असलेला दवाखाना, यांच्या मधलं पाणी काय असतं ते आपल्या आयांना विचारा. मुलीला कॉलेजला जायचं, पलीकडच्या गावात नोकरी करायची, तर शेवटची बोट चुकण्याची धास्ती नको. पुलाला नाही म्हणणारी बाई मला भेटलेली नाही आणि भेटू नये.

पण पुलाबरोबर दुसरी एक गोष्ट येते, ती आत्ताच ओळखली पाहिजे. पूल झाला की गाडी थांबणार नाही. आगरदांड्याची पाटी, बागमांडल्याची टपरी, दाभोळचं चहाचं दुकान, यांच्या अंगावरून गाडी ऐंशीच्या वेगानं निघून जाईल. ज्या अर्ध्या तासावर एक चूल पेटत होती तो अर्धा तासच उरणार नाही. त्याचा हिशेब कुठल्याही नकाशात नाही. नकाशात खांब असतात, कमानी असतात. जेटीवरच्या पाटीला नकाशात जागा नसते.

म्हणून मी म्हणते, आजपर्यंत खाडी आपल्यासाठी गाड्या थांबवत होती. उद्यापासून ते काम आपल्याला करावं लागणार आहे. हे होऊ शकतं का? होऊ शकतं. याच किनाऱ्यावरची दोन गावं सांगते.

पहिलं वेळास. मंडणगड तालुक्यातलं गाव, नाना फडणवीसांचं. बाणकोटच्या खाडीजवळ, एका कडेला. तिथं थांबायचं तसं काही कारण नव्हतं. पण वेळासच्या वाळूत हिवाळ्यात समुद्री कासवं येऊन अंडी घालतात. ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवं. पूर्वी ही अंडी कुत्री-कोल्ही खायची, माणसंही न्यायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावातल्या लोकांना बरोबर घेऊन ती अंडी राखायला सुरुवात केली. किनाऱ्यावरच कुंपण करायचं, अंडी तिथं वाळूत पुरायची, दीड-पावणेदोन महिने पहारा द्यायचा. पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडायची. ती इवलीइवली पिल्लं पाण्याकडं धावताना बघायला लोक यायला लागले. त्यातून कासव महोत्सव सुरू झाला.

आता आपल्या कामाचा भाग. लोक आले तर राहणार कुठं? गावात मोठं हॉटेल नव्हतं. ते गावातल्या घरांतच राहिले. पडवीत, ओटीवर, माजघरात गाद्या पडल्या. जेवण घरातल्या बाईनं केलं. साधं, शाकाहारी, केळीच्या पानावर. शहरातली माणसं ते जेवून खूश होऊन गेली, कारण तसं त्यांना दुसरीकडं मिळत नव्हतं. कासव वाचलं तर पाहुणा येतो आणि पाहुणा आला तर घरात पैसा येतो, हे गावाला कळलं. मग अंड्यांची राखण करायला कुणी सांगावं लागलं नाही.

दुसरं गाव वेंगुर्ले. तिथल्या मांडवी खाडीत कांदळवन आहे. कांदळ, तिवर, चिपी ही झाडं. आपल्याकडं पुष्कळ जणी त्याला चिखलातली झुडपं म्हणून नावं ठेवतात. तिथल्या स्वामिनी महिला बचत गटानं 2017 मध्ये त्या खाडीत होडीची फेरी सुरू केली. कांदळवन सफारी. बायका स्वतः होडी वल्हवतात आणि स्वतः माहिती देतात: हे झाड कुठलं, याची मुळं वर का आली, खेकडा कुठं राहतो, मासळीची पिल्लं इथं कशी वाढतात. मासेमारीच्या घरातल्या बायका. होडीचं ज्ञान घरातच होतं, खाडीचंही होतं. ते पाहुण्यापुढं मांडायचं शिक्षण त्यांनी घेतलं. इंजिन नाही, गोंगाट नाही, त्यामुळं पक्षी उडून जात नाहीत. एरवी कुणी न थांबणाऱ्या खाडीपाशी आता लोक तिकीट काढून थांबतात.

या दोन्ही गावांनी नवं काही बांधलं नाही. जे होतं तेच नीट राखलं आणि ते दाखवायची पद्धत बसवली. तुमच्या गावात काय आहे ते तुम्हाला माहीत. हर्णैला संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव होतो. समोर सुवर्णदुर्ग, होड्या लागलेल्या, पाट्या डोक्यावर घेऊन बाया चाललेल्या. नुसतं ते बघायला लोक येतात. श्रीवर्धनला रोठा सुपारी आहे. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडं येताना आरे-वारेचा रस्ता आहे, दोन किनाऱ्यांच्या मधल्या डोंगरावरून. निवतीसमोरच्या खडकांवर दीपगृह आहे आणि तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. मालवणला सिंधुदुर्ग आहे, ज्याचं काम 1664 मध्ये सुरू झालं. त्या बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि किल्ल्यात आजही कुटुंबं राहतात.

आणखी एक लक्षात घ्या. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार या रस्त्यावरचे आहेत. म्हणजे गाड्या वाढणार. आता त्या कुणाच्या दारात थांबतात हेच बघायचं आहे.

जरा हिशेब करू. आकडे मी समजण्यापुरते धरलेत, तुमच्या गावाचे तुम्ही घाला. चार माणसांची एक गाडी एक रात्र आपल्या घरी राहिली. दोन वेळची जेवणं म्हणजे आठ ताटं, ताटाचे 200 धरले तर 1600. न्याहारी चौघांची, घावणे-चटणी नाहीतर आंबोळ्या, 80 प्रमाणे 320. खोलीचे 1200. जाताना कोकमाचं आगळ, फणसपोळी, पापड असे 500. झाले 3620 रुपये. यातले तांदूळ गावातले, नारळ शेजारच्या वाडीतले, मासे कोळणीकडून घेतलेले. म्हणजे एक गाडी थांबली आणि चार घरांत पैसा गेला. आता तीच गाडी बाहेरच्या मालकाच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये थांबली असं धरा. खोलीचेच चार हजार गेले. त्यातलं आपल्या गावात काय आलं? चादरी धुणाऱ्या बाईची रोजंदारी. आणि पाणी मात्र आपल्याच विहिरीचं गेलं.

पाण्याचं बोललंच पाहिजे. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि मे महिन्यात हंड्यांच्या रांगा लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाहुणे नेमके मे महिन्यातच येतात. तेव्हा गटानं आधी ठरवायचं, आपल्या विहिरीला किती पाहुणे झेपतात. तेवढेच घ्यायचे. बादली-तांब्यानं अंघोळ, ही गोष्ट लाजत सांगू नका. पाण्याची स्थिती सांगितली तर समजूतदार पाहुणा ऐकतो.

दुसरी गोष्ट, कष्टाची. पाहुणे घरात आले की पहाटे चारला उठणारी कोण? बाई. रात्री अकराला भांडी घासणारी कोण? तीच. आणि पाहुणा जाताना पैसे कुणाच्या हातात देतो? ओटीवर बसलेल्या पुरुषाच्या. असं होत असेल तर आपण घरातलं काम दुप्पट केलं आणि हाती काही आलं नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वही घालायची. खर्च लिहायचा, आणि आपली मजुरीही खर्चात लिहायची. पैसे गटाच्या नाहीतर आपल्या स्वतःच्या खात्यावर घ्यायचे. फोनवर पैसे घ्यायचा तो चौकोनी कोडचा कागद दाराला लावायचा, तो आपल्या खात्याचा असू द्या. आणि घरं पाळीनं ठेवायची, म्हणजे एकीच्याच पाठीवर भार येत नाही.

आता सवलतींचं. महाराष्ट्र शासनाचं 2023 मध्ये आई नावाचं पर्यटन धोरण आलं, खास महिलांसाठी. बाईच्या मालकीचा आणि तिनं चालवलेला पर्यटनाचा व्यवसाय असेल, तर बँकेच्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत शासन परत करतं. सात वर्षांपर्यंत, किंवा व्याजाची रक्कम साडेचार लाख होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. हप्ते वेळेवर भरायला लागतात. अर्ज पर्यटन संचालनालयाकडं करायचा असतो. घरात पाहुणे ठेवायचे तर निवास-न्याहारीची नोंदणीही करता येते. खाडीकाठच्या गटांसाठी कांदळवन प्रतिष्ठानमार्फत उपजीविकेची योजना आहे, त्यात खेकडेपालन, कालवंपालन, निसर्ग पर्यटन असे उद्योग येतात. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. हे सगळं एकटीनं करायला गेलं तर दमछाक होते. गटातून दोघींना या कामाला नेमा, सहयोगिनीला बरोबर घ्या, आणि चालू नियम कार्यालयात विचारूनच अर्ज भरा.

पण या सगळ्या योजनांत एक शब्द परत परत येतो. बाईच्या मालकीचा. आता मी तुम्हाला विचारते, घर कुणाच्या नावावर आहे? वाडी कुणाच्या नावावर आहे?

मैत्रिणींनो, हा प्रश्न या रस्त्यावर आजच का विचारायचा, ते ऐका. रस्ता रुंद होतो तेव्हा जमीन जाते. मोबदला येतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. पूल होतो, गाड्या वाढतात, तेव्हा जमिनीचा भाव चढतो आणि दलाल गावात फिरायला लागतात. मग काय होतं? पाच-सात वर्षांत ज्या भावाचा फोन आला नाही तो गाडी घेऊन बहिणीच्या दारात येतो. साडी आणतो. चहा होतो. मग पिशवीतून कागद निघतो. ताई, एक सही हवी होती, नुसती कागदोपत्री आहे. तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. बहीण भावाकडं बघते, माहेर तुटायला नको म्हणते आणि सही करते. तिच्या वाट्याची जमीन त्या एका सहीनं जाते.

2005 च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. लग्न झालं म्हणून तो जात नाही. हक्क सोडायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. भावावर माया असेल, त्याची परिस्थिती बेताची असेल, तुम्हाला सोडावासा वाटला तर जरूर सोडा. पण वाचून, समजून, आठ दिवस घेऊन. आलेल्या कागदावर त्याच दिवशी सही करायची नाही. दादा, कागद ठेवून जा, मी वाचून घेते, एवढं म्हणायला काय हरकत आहे? ज्याच्या मनात काही नाही त्याला राग येणार नाही.

सासरच्या घराचंही तसंच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं पूर्वी लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं होतं, बायकोचं नाव जमिनीला लावा म्हणून. कितीतरी शेतकऱ्यांनी तेव्हा आनंदानं लावलं. हे आपल्याच महाराष्ट्रात झालेलं आहे, नवं काही नाही. येत्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं आपल्या जमिनीचा सातबारा आणि ग्रामपंचायतीतला घराचा नमुना आठ, दोन्ही काढून आणा. सातबारा तर आता फोनवरही निघतो. बैठकीत सगळ्यांनी मिळून वाचा. नुसतं वाचा. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढची गोष्ट आपोआप सुचते.

जमीन विकायचीच वेळ आली तरी एवढं लक्षात ठेवा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड भागातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची वाडी एका दुपारी गेली. पोफळ लावली की उत्पन्न सुरू व्हायला वर्षं जातात, त्यामुळं खूप जणांच्या मनात आलं की विकून टाकावं. पण झाड पडलं तर पुन्हा लावता येतं. जमीन विकली तर आपल्याच वाडीत दुसऱ्याच्या रिसॉर्टची भांडी घासायला जावं लागतं. विकण्याआधी भाड्यानं, कराराने देता येते का ते बघा.

आता घाटावरच्या मैत्रिणींशी दोन शब्द. माण-खटावच्या, मराठवाड्याच्या, विदर्भाच्या कितीतरी गटांतल्या बायांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. गटाची सहल काढा. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर तिकीटच नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा चांगली असते. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि समुद्र खवळलेला असतो, तेव्हा येऊ नका. एका सहलीत सगळा किनारा बघायचा हव्यास धरू नका. अलिबाग ते मुरूड बघा, नाहीतर मालवण-वेंगुर्ले बघा. होडीत बसताना जॅकेट मागून घ्या. आणि राहायला, जेवायला बाईचं घर शोधा. आगळ घ्यायचं तर दुकानापेक्षा जेटीवरच्या पाटीतून घ्या. घासाघीस कराल ती तुम्हीही बाजारात बसणाऱ्या बाया आहात हे आठवून करा. बाटल्या, पिशव्या परत घेऊन जा. त्याच वाळूत कासव अंडी घालतं आणि त्याच वाळूत आमची मासळी वाळते.

आणि किनाऱ्यावरच्या बहिणींनो, तुमच्यासाठी शेवटचं. पूल व्हायला अजून वेळ आहे. तो वेळ आपला आहे. ग्रामसभेत जा आणि आत्ताच मागणी लिहून द्या की पुलाच्या दोन्ही तोंडांशी गाड्या उभ्या करायची जागा हवी, बायकांना विक्रीचे ओटे हवेत, स्वच्छ संडास आणि पाणी हवं. आराखडा कागदावर असतो तोवर ओटा मागता येतो. डांबर पडल्यावर मागायला गेलात तर सांगतील, आता उशीर झाला. मागणीच्या अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

हा रस्ता आपल्या दारावरून चालला आहे. गाडी थांबेल तिथं एक बाई आपल्या नावाच्या घरात, आपल्या वहीत हिशेब लिहीत उभी असली पाहिजे. येत्या बैठकीत सातबारा वाचायचं ठरवा आणि तुमच्या गावात पाहुण्याला थांबवण्यासारखं काय आहे त्याची यादी करा. यादी केंद्रावर पाठवा, पुढच्या एखाद्या भागात आपण ती वाचू.

येते मी. काळजी घ्या. नमस्कार.